गूळ खाल्लेली भिंत

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीविषयी आणि त्या दुरुस्तीला लागणाऱ्या चुन्याविषयी आज बोलायचे आहे. पण सुरुवात माझ्या मामीच्या गुळापासून करावी लागेल.

वाईजवळ माझ्या आजोळी चुन्यात बांधलेला दगडविटांचा वाडा आहे. माजघराच्या भिंतीला ओल आली, म्हणून मामांनी तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला. दोन पावसाळ्यांत ओल कमरेपासून डोक्यापर्यंत चढली, लोणा (पांढरे खार) फुटला आणि गिलाव्याचे पोपडे विटांचे टवके घेऊनच गळू लागले. शेवटी गावातल्या एका वृद्ध गवंड्यांना बोलावले. त्यांनी थापीच्या मुठीने भिंत ठोकली, पोकळ आवाज ऐकला आणि म्हणाले, "भिंतीला मेणकापड गुंडाळलंय तुम्ही. आतला घाम जाणार कुठं?" मग त्यांनी गूळ मागितला. मामीने चहासाठीच समजून वाटीभर खडे आणून दिले, तर ते हसून म्हणाले, "वहिनी, ढेप आणा, भिंतीला पाजायचाय." गुळाचे पाणी, बेलफळाचा गर आणि हिरड्याचा काढा विरवलेल्या चुन्यात, वाळूत आणि विटांच्या भुकटीत मिसळला गेला. चुना मळायची घाणी गावात उरली नव्हती, म्हणून ते सारे कुटण्यात मामीचे मुसळही कामी आले.

चुना ओल अडवून धरत नाही, तिला बाहेर जाऊ देतो. पुन्हा सांगतो, बाहेर जाऊ देतो. सिमेंटच्या भट्टीला सुमारे १४५० अंश सेल्सिअस उष्णता लागते, चुनखडी भाजायला सुमारे ९०० अंश पुरतात. शिवाय भाजताना चुनखडीतून सुटलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी बराचसा वायू चुना घट्ट होताना हवेतून परत घेतो, इंधनाचा धूर मात्र परत येत नाही. उभी भिंत राखली, तर नव्या विटाही भाजाव्या लागत नाहीत. (देवळांच्या काळ्या दगडावर ऑइलपेंट फासणाऱ्यांची हौस मला ओल कोंडते म्हणूनच असह्य होते, तेही मेणकापडच.)

चुन्याला घाई चालत नाही. गिलावा कित्येक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावा लागला आणि मामांनी रोज तक्रार केली. पुढच्या पावसाळ्यात भिंत पुन्हा ओलावली, पण दिवाळीपर्यंत आपोआप वाळली. मामी त्या ढेपेचा हिशेब मात्र अजून मागते.