डेलॉस: परतीच्या बोटीआधी

ग्रीसमधल्या मिकोनॉस बेटाच्या जुन्या बंदरातून सुटलेली बोट अर्ध्या तासात डेलॉसच्या, म्हणजे प्राचीन अवशेषांच्या बेटाच्या, धक्क्याला लागते. उतरण्याआधी परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते पक्कं विचारून घ्या. इथे रात्री राहायला परवानगी नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी, म्हणजे उत्तरेचा जोरदार वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात. तेव्हा मिकोनॉसमधला शेवटचा दिवस डेलॉससाठी राखून ठेवू नका.

धक्क्यावरून बहुतेक गट डावीकडे, देवळांकडे आणि दगडी सिंहांकडे वळतात. तुम्ही उजवीकडे वळा. चढण त्या बाजूला आहे आणि ती ऊन तापायच्या आत उरकलेली बरी. सावली जवळपास नाहीच. माणशी दीड लिटर पाणी हवं, आणि पायात बूट. दगड झिजून गुळगुळीत झालेत, चपला घसरतात.

उजवीकडची ही अरुंद गल्ली प्राचीन थिएटरकडे चढत जाते. इ.स.पू. 166च्या सुमारास रोमने डेलॉसला करमुक्त बंदर केलं आणि इटली, सीरिया, इजिप्तचे व्यापारी इथे येऊन राहिले. त्यांच्या श्रीमंतीचा नमुना डायोनिससच्या घरात दिसतो. चौकातल्या मोझेकमध्ये पंख असलेला डायोनिसस, म्हणजे ग्रीकांचा मद्याचा देव, वाघावर बसलाय. दगडाचे तुकडे इतके बारीक की वाघाच्या अंगावरची छटासुद्धा रंगवल्यासारखी उतरलीय.

पण खरी गंमत अशा चौकांच्या खाली आहे. बेटावर पाण्याची कायमची टंचाई. म्हणून छपरांवरचं पावसाचं पाणी आत चौकात उतरवायचं आणि तळघरातल्या टाक्यांत साठवायचं. थिएटरलाही तेच गणित लावलंय. सुमारे 5,500 प्रेक्षकांच्या या उतारावरून ओघळलेलं पाणी खालच्या मोठ्या टाक्यात जाई. ग्रॅनाइटच्या या कमानींवर त्या टाक्याचं छत पेललेलं होतं. घाईत लोक इथून नुसते पुढे जातात. पाच मिनिटं थांबा.

इथून पुढे किंथोस टेकडी. उंची जेमतेम 113 मीटर, पण वर वारा टोपी उडवतो. वेळ कमी असेल तर टेकडी सोडा, घरं सोडू नका. पश्चिमेला दिसतं ते रेनिया बेट. ग्रीक देव अपोलोची जन्मभूमी पवित्र राहावी म्हणून अथेन्सने इ.स.पू. 426च्या हिवाळ्यात इथल्या कबरी उकरून तिकडे हलवल्या. त्यानंतर डेलॉसवर जन्मायलाही बंदी आणि मरायलाही. दिवस भरलेल्या बायकांना रेनियाला नेत.

आता खाली, उत्तरेकडे. उघड्यावरचे सिंह प्रतिकृती आहेत. नॅक्सॉसच्या संगमरवराचे मूळ सिंह खाऱ्या वाऱ्यापासून वाचवायला संग्रहालयात हलवले. ते उघडं आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. समोरचा गोल खड्डा म्हणजे पवित्र तळं. मलेरियामुळे 1920च्या दशकात ते कोरडं केलं. आता मधोमध एक ताडासारखं झाड आहे.

इ.स.पू. 88मध्ये रोमचा शत्रू असलेल्या मिथ्रिडेटीस राजाच्या सैन्याने आणि 69मध्ये चाच्यांनी शहर लुटलं. मग हळूहळू वस्ती उठली. वर नवं शहर उभं राहिलं नाही, म्हणून गल्ल्या उरल्या. संगमरवराचा बराच भाग मात्र शेजारच्या बेटांवरच्या बांधकामांत आणि चुन्याच्या भट्ट्यांत गेला.

बोटीच्या वेळेआधी वीस मिनिटं धक्क्यावर या. दुपारनंतर समुद्र बहुधा खवळतो. बोटीत मळमळत असेल तर उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या. उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.