आजीचा अंबाडा आणि मुळशीचं धरण

श्रोतेहो, नमस्कार.

माझी आजी शेवटची दीड वर्षं अंथरुणाला खिळून होती. माणसं ओळखू येईनाशी झाली होती. तरी आई रोज सकाळी तिच्या केसांना खोबरेल लावायची, हलक्या हातानं गुंता सोडवायची आणि सुपारीएवढा अंबाडा बांधायची. याचा उपयोग काय, असं आम्ही विचारलं असतं, तर आईला तो प्रश्नच कळला नसता.

प्रश्न मात्र जुना आहे. ज्यातून जास्तीत जास्त सुख निपजतं ते कृत्य चांगलं, असं इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ साली मांडलं. पुढे जॉन स्टुअर्ट मिल यांनी तोच विचार वाढवला. त्या विचाराचं ऋण मी मनापासून मानतो. आपल्या आगरकरांनी मिल वाचला होता. विधवांच्या केशवपनानं कुणाचं भलं होतं, असं रूढीला खडसावून विचारायला धैर्य लागतं, आणि हिशेबही लागतो.

पण मुळशी आठवा. मुळा नदीवर धरण बांधायचं, पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडायचं, तिथं वीज करून मुंबईला न्यायची, अशी टाटांची योजना. एका पारड्यात अवघी मुंबई, दुसऱ्यात पाण्याखाली जाणारी मावळ्यांची, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांची, भातखाचरं. एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पुढे सेनापती बापटांनी तो चालवला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. धरण झालंच. वीज आजही येते, आणि तिचा उपयोग मी नाकारत नाही.

नीती म्हणजे उपयोगच असेल, तर मावळ्यांची तक्रार फार तर बेरजेतली चूक ठरते. पण तुमची बेरीज चुकली, असं ते म्हणतच नव्हते. आमची जमीन तुमच्या तराजूत घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं ते विचारत होते. यावर कुणी म्हणेल, दूरवरचा हिशेब करा, अन्यायानं समाजाचा विश्वास उडतो, तोही तोटाच. असेल. पण घरातून उठवलेल्या माणसाला अन्याय झाल्याचं कळतं, ते असा तोटा मोजून नव्हे. त्याला ते त्याच क्षणी कळतं, आणि शेजारून पाहणाऱ्यालाही.

आजी गेली, त्या पहाटे घर माणसांनी भरलं. आईनं कुणाशी बोलायच्या आधी कोनाड्यातली फणी घेतली.