वजन गेलं, कातडी राहिली

नमस्कार. मागच्या ताईंनी पुढं या बरं, इथं खुर्च्या आहेत आणि पंखाही इकडचाच चालतोय. तर मला सांगितलंय की सैल कातडीचं ऑपरेशन करावं की नाही यावर अर्धा तास बोला. बोलते, पण त्याआधी एक शब्द गेल्या मेपासून डोक्यात ठसठसतोय तो बाहेर काढू दे. शब्द आहे हौस.

इथं बऱ्याच जणांची बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन उतरवायची सर्जरी झालीय, काहींनी नुसत्या डाएटवर चाळीस-पन्नास किलो उतरवलेत, त्यामुळे कपडे बदलताना काय दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. मी ११८ किलोची होते, स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायचं ऑपरेशन, झाल्यावर दीड वर्षात ६८ वर आले, शुगरची गोळी बंद झाली, शाळेचे तीन जिने आता न थांबता चढते. आणि ओटीपोटावर कातडीची घडी लोंबतीय, पार जांघेपर्यंत. व्यायाम कर म्हणजे आवळेल असं सगळे सांगतात. नाही आवळत हो. कातडीला ताण धरून ठेवणारे कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू वर्षानुवर्षं ताणून तुटलेले असतात, व्यायामानं आतला स्नायू घट्ट होतो, वरची कातडी तेवढीच राहते, आणि महागड्या क्रीमनंही काही होत नाही, मी दोन डब्या संपवून सांगतेय.

गेल्या मे महिन्यात चिपळूणला भाचीचं लग्न होतं. चिपळूणचा मे तुम्हाला माहितीये, आंघोळ करून बाहेर आलं की परत आंघोळ. मी हौसेनं नऊवारी नेसले, हो, ही हौस खरी, पंधरा वर्षांनी काष्टा घालता आला होता मला. आणि अकरा वाजेपर्यंत घडीच्या आत घाम साचून सोलवटून निघालं, आग व्हायला लागली, वास यायला लागला. मी पंगतीला बसले नाही, अक्षता टाकल्या आणि मागच्या खोलीत जाऊन घडी उचलून पंख्यासमोर उभी राहिले, एका हातानं कातडी धरून, दुसऱ्या हातानं पावडर. तिथं आमच्या एक नात्यातल्या काकू आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, अगं, वजन उतरलंय ना, आता ऑपरेशनची कसली हौस या वयात? मायेनं म्हणाल्या, मला कळतं. पण लाल झालेलं, पाणी सुटलेलं अंग समोर दिसत असताना हौस म्हणाल्या, ते मी विसरू शकलेले नाही.

आणि तोच शब्द मग विमा कंपनीच्या पत्रात आला, फक्त इंग्रजीत. कॉस्मेटिक, म्हणजे नुसतं दिसण्यासाठी. त्याच कंपनीनं माझ्या स्लीव्हचे पैसे दिले होते, कारण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मोठा आजार असेल, तर ते ऑपरेशन पॉलिसीत बसतं. पण त्या ऑपरेशननं उरलेली कातडी बसत नाही! मी रडले, मग पॉलिसी काढून वाचली. तुम्हीपण वाचा, एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे कशाचे पैसे मिळणार नाहीत त्या यादीत, शून्य आठ नंबरचं कलम बघा. प्लास्टिक सर्जरी मिळणार नाही असं आहे, पण पुढं अपघात, भाजणं, कॅन्सर हे अपवाद आहेत आणि शेवटी असंही आहे की तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनी तसं लिहून दिलं तर विचार होतो. माझ्याकडे लिहून दिलेलं काहीच नव्हतं, कारण दोन वर्षं मी मेडिकलमधून पावडर आणि मलम आणत होते, लाजेपायी डॉक्टरांना दाखवलंच नाही, बिलं पण नाहीत. मला आज खरं हेच सांगायचंय. पहिल्या पुरळापासून स्किनच्या डॉक्टरकडे जा, कागदावर इंटरट्रायगो हे घडीतल्या पुरळाचं नाव येऊ द्या, फोटो काढा तारखेसकट, किती दिवस शाळा बुडली, कामावर खाडा झाला ते लिहा.

नकार आला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत, अरे देवा, ऑपरेशन राहिलंच. भराभर सांगते. पॅनिक्युलेक्टॉमीत फक्त लोंबती घडी काढतात, पुरळाचा त्रास असणाऱ्यांचा मुद्दा याच्याशी जुळतो. टमी टक वेगळं, त्यात फाकलेले स्नायू शिवतात आणि बेंबी नव्यानं बसवतात, आणि ते कॉस्मेटिक धरलं की बिलावर १८ टक्के जीएसटी. लायपोसक्शननं चरबी निघते, कातडी नाही.

घाई करू नका, वजन किमान सहा महिने एका जागी थांबलेलं हवं, बॅरिअॅट्रिकनंतर साधारण वर्ष-दीड वर्ष जाऊ द्या, मूल व्हायचं असेल तर आधी ते. हिमोग्लोबिन, प्रोटीन, बी-१२ तपासा, आपल्यात हे बऱ्याचदा कमी असतं आणि मग जखम नीट भरत नाही. सिगारेट, तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद, आणि बायांनो मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, डॉक्टर विचारत नाहीत म्हणून आपण सांगत नाही, सांगा.

व्रण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत येतो, तो जात नाही, वर्ष-दीड वर्षात फिकट होतो. पाणी साचू नये म्हणून नळ्या, मग पट्टा, सुरुवातीला वाकून चालायचं पण चालायचंच, पायात गुठळी होऊ नये म्हणून. सहा आठवडे कळशी नाही, नातवंड कडेवर नाही. बेंबीखाली बधिर वाटतं, काहींना कायमचं. हे सगळं ऐकून कुणी नको म्हटलं तर तेही बरोबरच आहे, माझी मैत्रीण नकोच म्हणाली आणि मजेत आहे.

माझं म्हणाल तर मी करणार. मुलीची बारावी संपू दे, लोकपालांकडचा अर्जही गेलाय. पुरळाची वही मी आणलीय, कशी लिहायची ते बघायचं असेल तर चहाच्या वेळी खिडकीपाशी या, बायका आधी, मग बाकीचे.