मस्टरवर कोण आणि आत कोण

मंडळी, सुरक्षा सप्ताहात शपथ झाली, बॅनर लागलं, वडापावही झाला. आता मी एकच विचारतो. या घडीला भोंगा वाजला, तर प्लांटमध्ये कोण कोण आहे हे सांगता येईल? आकडा नकोय मला, नावं हवीत.

नोकरीत असतानाची एक मॉक ड्रिल सांगतो. धोकादायक रसायनांचा मोठा साठा असला की 1989 च्या नियमांप्रमाणे ती दर सहा महिन्यांनी घ्यावीच लागते. पंचिंगच्या स्क्रीनवर 212 माणसं, असेंब्ली पॉइंटला, म्हणजे भोंगा वाजल्यावर जमायच्या जागी, मोजली तीही 212. मॅनेजर खूष. मी म्हटलं, नावं वाचा. तीन नावांना कुणी ‘हजर’ म्हणेना. एक जण हाफ डे घेऊन टँकरच्या मागून गेटबाहेर पडला होता, कार्ड न लावता. दुसरा त्या दिवशी आलाच नव्हता, त्याचं कार्ड मित्रानं पंच केलेलं. तिसरा मात्र खरंच आत होता. कंत्राटदाराचा पोरगा, मागच्या शेडमध्ये कानात प्लग घालून ग्राइंडर चालवत होता. मग 212 भरले कसे? टँकरचा ड्रायव्हर, त्याचा क्लीनर आणि कँटीनला दूध घालणारा, असे तिघे रांगेत उभे होते. बेरीज मात्र बिनचूक!

खऱ्या आगीत अग्निशमन अधिकारी पहिल्यांदा हेच विचारतो, ‘आत कुणी आहे?’ त्याच्या जवानाच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाची. ती घरी जेवत बसलेल्या माणसाला धुरात शोधण्यात संपली, तर ग्राइंडरवाल्याकडे कोण जाणार? 23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा मृतांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. निदान आत कोण होतं याची यादी तरी भरवशाची हवी.

गंमत बघा, ‘मस्टर’ म्हणजे मुळात माणसं गोळा करून मोजणं. आपण त्याचं पगारपत्रक करून टाकलं. पगारासाठी माणूस आला एवढं कळलं की भागतं, गेला कधी याचं कुणाला पडलेलं नसतं. जुन्या कोळसा खाणींत उतरणाऱ्याचा बिल्ला पाटीवर असायचा. पाळी सुटल्यावर पाटीकडे बघितलं की खाली कोण राहिलंय ते कळायचं. वीज नको, सर्व्हर नको.

तुमच्याकडे कार्ड आहेत, चांगलंच आहे. पण वीज गेली तर यादी कुठून काढणार? गेट केबिनमधून? ती चटकन पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाक्यांना लागूनच आहे, येताना बघितली मी. दर तासाची यादी दोन्ही असेंब्ली पॉइंटला पोचायला हवी. दोन्ही म्हणतोय, कारण वारा कुठल्या बाजूचा असेल ते भोंगा वाजल्यावरच कळतं.

आणि वॉचमनदादा, तुम्हाला बोल लावत नाही, पण सकाळी मी साहेबांच्या गाडीतून आलो तेव्हा तुम्ही सलाम करून बॅरिअर उचललात. माझं नाव कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे तुमच्या हिशेबानं मी अजून या कारखान्यात आलेलोच नाही.