थरथरत्या पानांचं आडनाव

नमस्कार श्रोतेहो.

चैत्रातल्या दुपारी पिंपळाच्या पारावर कधी टेकला असाल, तर एक गोष्ट नक्की लक्षात आली असेल. वारा पडलेला असतो. शेजारच्या आंब्याचं एक पान हलत नसतं, आणि हा आपला एकटाच सळसळत असतो. कारण साधं आहे. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक. झुळूक नावापुरतीच असली तरी पान डुलायला लागतं. अमरकोशात पिंपळाचं एक नाव आहे 'चलदल'. ज्याची पानं सतत हलतात तो.

आज मी बोलणार आहे 'त्राँब्ले' या फ्रेंच आडनावाबद्दल, आणि सुरुवात पिंपळापासून केली ती उगाच नाही. युरोपातही असाच एक चलदल आहे. इंग्रजीत त्याला ॲस्पेन म्हणतात. फ्रेंचमध्ये नाव आहे 'त्राँब्ल', म्हणजे थरथरणारा. मूळ लॅटिन शब्द 'त्रेमुलुस'. या झाडाच्या पानाचा देठ गोल नसतो, पट्टीसारखा दोन्ही बाजूंनी चपटा असतो, त्यामुळे पान जरा निमित्त मिळालं की फडफडतं. तिकडच्या म्हाताऱ्या बायका सांगायच्या की येशूचा क्रूस याच लाकडाचा केला होता, म्हणून हे झाड अजून कापतंय. आपल्याकडे पिंपळावर मुंजा असतो. पान आपोआप हललेलं दिसलं की माणसाला गोष्ट सुचतेच.

आपण आंब्याच्या झाडांच्या जागेला आमराई म्हणतो. तशी फ्रेंचमध्येही झाडाच्या नावाला शेपूट जोडून राई करतात. ओकची राई 'शेने', अल्डरची 'ओने', आणि या थरथरत्या झाडाची राई म्हणजे 'त्राँब्ले'. या नावाची गावं फ्रान्सभर विखुरलेली आहेत. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाला लागून 'त्राँब्ले-आँ-फ्रान्स' आहे, उतरताना खिडकीतून दिसत असेल. शार्त्रच्या बाजूला आणखी एक त्राँब्ले आहे. गावावरून माणूस ओळखला जाऊ लागला आणि ओळखीचं आडनाव झालं. आपल्या पिंपळकरांचं, बोरकरांचं, जांभेकरांचं झालं तसंच. फक्त आपला 'कर' तिकडे गळून गेला.

आता गंमत अशी, की ज्या देशात हे आडनाव जन्मलं, त्या फ्रान्समध्ये ते विरळ आहे. तिथे मार्तँ, बेर्नार, तोमा, प्ती ही आडनावं जागोजागी भेटतात, त्राँब्ले शोधावा लागतो. पण अटलांटिक ओलांडून कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जा, त्राँब्ले हे तिथलं पहिल्या क्रमांकाचं आडनाव आहे. २००६ मध्ये क्वेबेकच्या सांख्यिकी संस्थेने आडनावांची मोजदाद प्रसिद्ध केली. त्राँब्ले १.०८ टक्के, दुसरे गान्यों, तिसरे रुआ. एक टक्का म्हटल्यावर थोडं वाटतं, पण त्या वेळच्या लोकसंख्येत ते ऐंशी हजारांच्या आसपास लोक होतात. आणि या ऐंशी हजारांचा, इतकंच काय, उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक त्राँब्लेचा मूळपुरुष एकच आहे. त्याचं नाव, जन्मगाव, आईबाप, लग्नाची तारीख, सगळं कागदावर आहे.

पिएर त्राँब्ले. जन्म १६२६, गाव राँदोने. नॉर्मंडीच्या कडेला पेर्श नावाचा झाडीचा, टेकड्यांचा मुलूख आहे, त्यातलं हे खेडं. बाप फिलिबेर, आई झान क्वान्ये. शेतकऱ्याचं घर. त्या काळात पेर्शमध्ये नव्या फ्रान्सला, म्हणजे कॅनडाला जाण्याचं वारं सुटलं होतं. रोबेर झिफार नावाच्या तिथल्याच एका शल्यवैद्याला १६३४ साली क्वेबेकजवळ जहागीर मिळाली होती, आणि त्याने आपल्याच भागातले सुतार, गवंडी, शेतकरी जमवायला सुरुवात केली. मग ज्युशरो बंधू आले, तेही माणसं नेऊ लागले. सगळा हिशेब केला तर त्या शतकात पेर्शमधून गेलेली माणसं सुमारे ३००. आपल्या एखाद्या वाडीएवढी. पण गेली ती लवकर गेली, आणि लवकर जाणाऱ्याचा वेलविस्तार मोठा होतो.

पिएर १६४७ साली, एकविसाव्या वर्षी, ज्युशरोशी करार करून ला रोशेलच्या बंदरातून निघाला. असे करार बहुधा तीन वर्षांचे असत, म्हणून या मजुरांना तिकडे नावच पडलं होतं, 'छत्तीस महिने'. अमुक घरी दोन छत्तीस महिने ठेवलेत, अशी बोलायची पद्धत. मुदत संपली की कित्येक जण परतीचं जहाज पकडत. पिएर राहिला. पण राहून करणार काय? त्या वसाहतीत पुरुष भरपूर आणि बायका बोटावर मोजण्याइतक्या. त्याला लग्नाला आणखी सात वर्षं थांबावं लागलं. २ ऑक्टोबर १६५७ या दिवशी क्वेबेक गावात त्याचं लग्न झालं ते ओझान आशों हिच्याशी. ती ला रोशेलच्या बाजूची, त्याच साली जहाजातून उतरलेली, चोविसेक वर्षांची मुलगी. 'ओझान' म्हणजे होसान्ना, चर्चमधल्या स्तोत्रातला शब्द. पुढे राजाने आपल्या खर्चाने ७००-८०० मुली लग्नासाठी कॅनडात धाडल्या, त्यांना 'राजाच्या लेकी' म्हणतात. ओझान त्यांच्याही आधीची. आपल्या हिमतीवर आलेली.

दोघांनी सेंट लॉरेन्स नदीच्या काठी लाँज-गार्दियाँ इथे शेत केलं. तिथली शेतं पट्ट्यांसारखी, नदीला तोंड अरुंद आणि मागे लांबच लांब डोंगरापर्यंत, म्हणजे प्रत्येकाला पाण्याची वाट मिळावी. बारा मुलं झाली, सहा मुलगे, सहा मुली. मुलग्यांपैकी चौघांचे, पिएर, मिशेल, झाक आणि लुई यांचे, वंश पुढे चालले.

हे 'चार' लक्षात ठेवा, कारण आडनाव टिकणं-बुडणं हा शेवटी या आकड्याचा खेळ आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थाला प्रश्न पडला, की खानदानी आडनावं बुडतात का? त्याने १८७३ साली तो एका नियतकालिकात गणित म्हणून टाकला. हेन्री वॉटसन नावाच्या पाद्र्याने ते सोडवलं, पण शेवटी घसरला. सगळीच आडनावं कधी ना कधी बुडणार, असं उत्तर काढून बसला. खरं उत्तर वेगळं आहे. आडनाव चालवणारे मुलगे सरासरी एक किंवा त्याहून कमी असतील, तर आडनाव बुडतंच, आज नाही तर दहा पिढ्यांनी. एकाहून जास्त असतील तर तरण्याची आशा असते. आणि खरा धोका असतो पहिल्या दोन-तीन पिढ्यांत. एकुलता एक मुलगा नदीत बुडाला की संपलं. चार मुलग्यांच्या घरांत पोरं खेळायला लागली, की मग साथ येवो, लढाई होवो, नाव तरून जातं. हे बरोबर उत्तर गाल्टनच्या जवळजवळ तीस वर्षं आधी, १८४५ साली, एका फ्रेंच माणसाने मांडलं होतं, पण कुणी लक्ष दिलं नाही. त्याचं आडनाव बियाँनेमे. अर्थ, 'लाडका'. आडनावांच्या नशिबाचं गणित मांडणाऱ्याला असं आडनाव मिळावं!

फ्रान्समधल्या त्राँब्लेंना मात्र असं मोकळं रान कुठून मिळणार? तिथे जमीन आधीच वाटून संपलेली, पोराला शेत मिळेपर्यंत लग्न लांबायचं. त्यात अठराव्या शतकाच्या शेवटापासून फ्रान्समध्ये जन्माचं प्रमाण उतरू लागलं, इतर युरोपच्या कितीतरी आधी, आणि नॉर्मंडी त्यात पुढे. क्वेबेकमध्ये उलट. जमीन हवी तेवढी, लाकूड हवं तेवढं, मुली विशीत लग्न करणार, घरात सात-आठ मुलं ही सर्वसाधारण गोष्ट. इंग्रजांनी कॅनडा जिंकल्यानंतरही फ्रेंच बोलणाऱ्यांनी संख्या सोडली नाही. पुढे याला नाव पडलं 'पाळण्यांचा सूड'. बायकांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला हे नाव ऐकलं की दर वेळी पडतो.

त्राँब्ले नदीच्या काठाकाठाने खाली सरकत गेले. पिएरच्या थोरल्याने लेझ एबुलमाँची जहागीर घेतली, नातवंडं शार्लवुआच्या डोंगराळ किनाऱ्यावर पसरली. तिथेही शंभर वर्षांत गर्दी झाली. मग १८३८ च्या जूनमध्ये ला मालबे गावच्या एकवीस भागीदारांच्या मंडळीने वरच्या सागने नदीच्या खोऱ्यात पाय टाकला. बोलायला पाइनची झाडं तोडायला, खरं तर जमीन धरायला. तो मुलूख प्राण्यांच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या ताब्यात, शेतीला बंदी. पुढारी होता आलेक्सी त्राँब्ले ऊर्फ पिकोते, आणि त्याच्या पाठीशी विल्यम प्राइस या लाकूड व्यापाऱ्याचा पैसा. चार वर्षांत करवतगिरण्या प्राइसच्या झाल्या, माणसं मात्र तिथेच रुजली. आज सागने आणि लाक-सँ-झाँ भागात त्राँब्ले इतके दाट आहेत, की तिथे हे आडनाव सांगून काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

आमच्या शाळेत एका वर्गात पाच पाटील होते. मास्तर गाव लावून हाक मारायचे, आम्ही आमची नावं ठेवली होती, ती इथे सांगण्यासारखी नाहीत. क्वेबेकात हीच युक्ती. आलेक्सीचं 'पिकोते' म्हणजे काय? ज्याच्या तोंडावर देवीचे वण आहेत तो. हे 'ऊर्फ' नाव पुढे सगळ्या शाखेला चिकटायचं, रजिस्टरातही लिहिलं जायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे बाप-आजा जोडायचा, 'पिएर, झाँचा, लुईचा', म्हणजे लुईचा मुलगा झाँ, त्याचा मुलगा पिएर. पत्ता विचारायला आलेल्याला तीन पिढ्या पाठ हव्यात.

मूठभर बियाण्यावर सगळं शिवार पेरलं, की त्या बियाण्यातला दोषही शिवारभर जातो. शार्लवुआ आणि सागने भागात काही आनुवंशिक आजार जगाच्या तुलनेत फार जास्त आढळतात. एक, चालायला लागलेल्या मुलाचा तोल जाणं, पुढे पाय आखडत जाणं. १९७८ मध्ये त्याचं पहिलं नीट वर्णन झालं आणि नावच पडलं 'शार्लवुआ-सागने'चा आजार. तिथे साधारण दर बावीस माणसांत एक जण त्याचा दोष वाहतो, स्वतः धडधाकट असतो. दुसरा आजार यकृताचा, टायरोसिनेमिया. त्यातल्या बाळाच्या अंगाला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. त्यासाठी क्वेबेकात १९७० पासून प्रत्येक नवजात बाळाचं रक्त तपासतात, आणि आता औषधही आहे. हे आजार त्राँब्ले आडनावाचे नव्हेत, हे मुद्दाम सांगतो. भावकीत लग्नं लावल्यामुळे झाले असं लोक सहज बोलून जातात. संशोधकांनी वंशावळी तपासल्या तेव्हा तेही मुख्य कारण ठरलं नाही. सुरुवातीची माणसं थोडी होती, इतकंच.

या वंशावळी तपासता आल्या त्या चर्चच्या रजिस्टरांमुळे. फ्रान्समध्ये १५३९ च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्यांची नोंद सक्तीची झाली, १६६७ पासून प्रत्येक वहीच्या दोन प्रती. हीच पद्धत कॅनडात गेली, आणि एक प्रत जळाली तर दुसरी उरली. माँट्रियल विद्यापीठात १९६६ पासून या वह्या संगणकावर जुळवायचं काम चाललं, सागनेमध्येही तसंच दुसरं मोठं काम उभं राहिलं. जगात इतक्या पूर्ण नोंदी असलेले समाज थोडे आहेत.

१८४० ते १९३० या नव्वद वर्षांत नऊ लाखांच्या आसपास फ्रेंच कॅनडियन पोटासाठी अमेरिकेत उतरले, बरेचसे न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तिथल्या कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं. त्राँब्लेचे झाले ट्रॉम्ब्ली, ट्रेम्बली. काहींनी तर सरळ अर्थ बदलून घेतला, रुआचा किंग झाला, ब्वाव्हेरचा ग्रीनवुड. व्हरमाँटमध्ये किंवा मिशिगनमध्ये ट्रॉम्ब्ली भेटला तर त्याला राँदोनेच्या राईची वार्ता असेलच असं नाही. आणि हो, क्वेबेकातला प्रसिद्ध बर्फाचा डोंगर माँ-त्राँब्लाँ, त्याचा या घराण्याशी काही संबंध नाही. तो 'थरथरता डोंगर' तिथल्या मूळ रहिवाशांच्या समजुतीतून आलेला.

राहता राहिली ओझान. ऐंशी हजार लोकांची ती आदिमाता, पण तिचं 'आशों' त्यांतल्या कुणाच्या नावात नाही. तरी ती हरवलेली नाही. त्या वसाहतीत लग्न झालं तरी बाईची नोंद माहेरच्याच नावाने करायची पद्धत होती. मुलाचा बाप्तिस्मा असो, लेकीचं लग्न असो, पाद्री लिहायचा, आई ओझान आशों. त्यामुळे तिथे आज कुणीही आईकडून आजीकडे, आजीकडून पणजीकडे असं बायकाबायकांच्या वाटेने मागे चालत जाऊ शकतं. पुष्कळ जण जातात, आणि काहींची वाट तिच्या सहा मुलींपैकी एकीच्या दाराशी पोचते. ती स्वतः गेली १७०७ साली, लाँज-गार्दियाँमध्ये.

नमस्कार.