पत्र कुणाकुणाच्या हातातून गेलं?

(नागपुरात ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्या तरुण मंडळींसमोर झालेलं व्याख्यान, थोडं आवरून लिहून काढलंय)

युद्धाच्या काळातली प्रेमकथा म्हटली की आपली मुलं पहिली दहा पानं रेल्वे स्टेशनवरच घालवतात. गाडी, शिट्टी, डबडबलेले डोळे. पुढं नवरा थेट लढाईवर आणि बायको थेट देवघरात. असं काहून होतं? कारण मधला सगळा काळ कसा गेला हे आपण शोधतच नाही, आणि खरं प्रेम तर त्या मधल्या काळातच होतं ना. मला आज एवढंच सांगायचंय की पत्र कसं यायचं, कुणाकुणाच्या हातातून यायचं, ते आधी शोधा, गोष्ट तिथंच सापडेल.

पहिल्या महायुद्धाचं बघा. फ्रान्समध्ये गेलेल्या आपल्या कितीतरी शिपायांना लिहिता यायचं नाही, मग पलटणीतल्या लिहिणाऱ्याला मजकूर सांगायचा, तो कागदावर उतरवणार, मग सेन्सॉर वाचणार. त्यांचं ऑफिस फ्रान्समध्ये बूलोनला होतं आणि तिथं एव्हलिन हॉवेल नावाचा अधिकारी आपल्या लोकांची पत्रं तपासायचा. तिथून बोटीनं मुंबई, मुंबईहून गावचं पोस्ट, आणि गावात परत वाचणारा कुणीतरी मास्तर नाहीतर पोस्टमन, आणि तो वाचणार कुठं तर ओसरीवर, सासू-सासरे-दीर सगळे बसलेले असताना! म्हणजे नवऱ्याला बायकोशी बोलायचं तर मधे निदान तीन परके कान. आता सांगा, तो 'तुझी आठवण येते' असं सांगेल का? तो म्हैस व्याली का ते विचारेल, पाऊस विचारेल, आणि शेवटी 'घरातल्या सगळ्यांना' म्हणून जो नमस्कार सांगेल त्यातल्या त्या 'सगळ्यांना'मध्ये ती असेल. शिपाई हुशार होते बरं का, काही पत्रांत काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत असं लिहिलेलं सापडतं, काळी म्हणजे आपले शिपाई, लाल म्हणजे गोरे. मरण मिरचीच्या नावाखाली घरी कळवता येतं तर माया का नाही कळवता येणार? तुमच्या नायकाची अशी स्वतःची मिरची शोधून काढा.

आता दुसरं महायुद्ध, आणि इथं मला नागपूरशेजारच्या कामठीला यायचंय, कारण ही गोष्ट आपल्या इतक्या जवळची आहे आणि आपण लिहितो मात्र लंडन-पॅरिसच्या. 1917 ला 111वी महार पलटण उभी केली आणि ते पहिलं युद्ध संपल्यावर 1921 ला मोडून टाकली. ज्या घरातले बापलोक त्यात होते त्यांना हे कसं विसरता येईल? नंतर बाबासाहेबांनी आग्रह धरला आणि 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि 1942 मध्ये दुसरी बटालियन आपल्या कामठीत, जी पुढं ब्रह्मदेशात गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपुरात मोहन पार्कवर दलित वर्गाची मोठी परिषद, बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची स्थापना तिथलीच, आणि महिनाही होत नाही तोवर ऑगस्टची 'चले जाव' चळवळ पेटते, 16 ऑगस्टला चिमूर गावात उठाव. एका घरात एक भाऊ वर्दीत, दुसऱ्याचा जिवलग मित्र पोलिसांपासून लपलेला, दोघंही एकाच ताटावर जेवलेले. या घराला तुम्ही कुठल्या बाजूचं म्हणाल? मी तर म्हणतो म्हणूच नका, दोघांनाही पोटात घ्या.

आणि घरची बाई काय करत असेल? कामठीत विडीचं काम होतं, तेंदूपत्ता कापायचा, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, हजारावर मजुरी. तिथल्या विडी कामगारांना एकत्र आणलं ते बाबू हरदास एल. एन. यांनी, 'जय भीम' म्हणायची रीत ज्यांनी पाडली तेच, 1939 ला फार लवकर गेले. त्यांनी 1927 ला कामठीत रात्रशाळा काढली होती आणि त्यात मुलीसुद्धा होत्या. मुलीसुद्धा! हे वाचलं तेव्हापासून एक बाई माझ्या डोक्यातून जातच नाही. लहानपणी त्या रात्रशाळेत बसलेली, 1942 ला विशीतली, नवरा नव्या बटालियनमध्ये, पत्रावर गावाचं नाव नाही, नुसता फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे लष्करी टपालाचा, नंबर. पण ही बाई पत्र मास्तरांकडं नेत नाही. स्वतः वाचते. म्हणजे बूलोनच्या काळात जे तीन कान मधे होते त्यातला ओसरीवरचा तरी गेला, सेन्सॉर उरला तो उरू दे, तो ओळखीचा थोडाच आहे. तिच्या नवऱ्यालाही हे माहितीय, म्हणून त्याचं पत्र बदलतं, हळूहळू धीट होतं, आणि ती उत्तरात घरातलं खरं लिहायला लागते, तांदूळ महागला (रंगून मार्च 1942 ला पडलं, तिकडचा तांदूळ बंदच झाला), सुट्टे पैसे मिळत नाहीत, दिराच्या दोस्ताला रात्री भाकर दिली. हे शेवटचं ती लिहील का? लिहिलं तर सेन्सॉर वाचणार, नाही लिहिलं तर नवऱ्यापासून लपवलं. माझ्या मते कादंबरीचा सगळा जीव या एका वाक्यात आहे, यासाठी शंभर पानं लागली तरी लावा.

एका मुलीनं आत्ता विचारलं की सर, मग दोघं एकमेकांवर प्रेम करतात हे दाखवायचं कुठं? मनीऑर्डरमध्ये दाखव बाळा. पगारातला घरी पाठवायचा हिस्सा कुणाच्या नावानं पाठवायचा, बापाच्या की बायकोच्या, हे त्या काळी साधं नव्हतं, त्यावरून घरात वादळ होऊ शकतं. आणि फॉर्मच्या खाली कूपन असायचं, दोन ओळी मावतील एवढीच जागा, पैशासोबत ते घरी यायचं. तुझा शिपाई पहिल्यांदा तिच्या नावानं मनीऑर्डर करतो तो प्रसंग लिही, पोस्टमन दारात उभा आहे, सासरे खाटेवर बसलेत, नाव वाचून तोही घटकाभर थांबतो, आणि अंगठा नको म्हणून ती सही करायला पेन मागते. तेवढा प्रसंग लिहून झाला की मला आणून दाखव, मी वाचीन.