"येतो" आणि "या"

नमस्कार श्रोतेहो.

मध्यंतरी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कोरेगावच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी एक जवान, सुट्टी संपवून निघालेला. पायाशी काळी ट्रंक. बरोबर बायको, हातातला चुडा अजून हिरवागार. अर्ध्या तासात दोघं बोलली ती एवढंच.

"चार्जर घेतलाय न्हवं?"
"घेतलाय."
"लोणच्याची बरणी उभीच ठेवा, त्याल गळंल."
"हूं."

पुण्याची गाडी लागली. तो म्हणाला, "येतो." ती म्हणाली, "या."

निघताना आपण "जातो" म्हणत नाही. ते इतकं अंगवळणी पडलंय की त्यातली विनवणी कानाला जाणवतसुद्धा नाही. त्या दिवशी मात्र मला त्या "या"मध्ये पुढची सुट्टी ऐकू आली.

हाच प्रसंग मालिकेत असता तर? ढॅण् ढॅण् संगीत, घरातल्या सहा जणांचे चेहरे तीन-तीनदा, आणि मग नायिका म्हणणार, "माझं तुमच्यावर खूप प्रेम आहे." खरं सांगा, हे वाक्य तुमच्या घरात कुणी कधी उच्चारलंय? निबंधाच्या वहीतलं वाटतं. म्हणून तर आपली पोरं वेळ आली की 'आय लव्ह यू' म्हणून मोकळी होतात.

नाटकाचं मी समजू शकते. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर शब्द लागतात. पण कॅमेरा वीतभर अंतरावर असतो, पापणी हलली तरी दिसते. आता, आपण बायका भाकरी थापता थापता मालिका नुसती ऐकतो, बघत नाही, म्हणून लेखक सगळं बोलून दाखवत असतील, हेही आहे. मीही त्यातलीच.

खरं तर मराठी लेखकाच्या हाती आयतंच साधन आहे: अहो आणि अरे. समजा, दोघं वीस भाग एकमेकांना अहो-जाहो करताहेत. एका रात्री तो उशिरा येतो, ती चिडून म्हणते, "तू जेवलास का नाही अजून?" 'तू' निसटतो. ती जीभ चावते. तो काही बोलत नाही, नुसतं ताट पुढं ओढतो. झालं की! इंग्रजीत हे कसं करणार? तिथं सगळेच 'यू'.

२०१७ साली झी मराठीवर आपल्याकडच्या फौजीची मालिका आली, 'लागिरं झालं जी'. नावात प्रेम हा शब्दच नाही. लागीर म्हणजे बाधा, झपाटणं. आमच्या सासूबाईंना आधी ती भुताची मालिका वाटली होती!

स्टँडवरची ती मुलगी, गाडी पोवई नाक्याकडं वळली तरी तशीच उभी होती. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, पुण्याला किती वाजता पोचती ओ ही गाडी?"

"तीनेक तास लागतील," मी म्हटलं.

तिनं मोबाइल काढून वेळ बघितली.